बोटीचा आकडा

दोन हजार तेरा साल. सप्टेंबर संपत आला होता आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉर्डल बंदरातल्या बोटी ट्यूना विकून रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हा धक्क्याला अजून साठ-सत्तर बोटी लागत. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पहाटेपासून वेलदोड्याच्या पावांचा वास सुटे, आणि तो वास डिझेलच्या वासात मिसळला की समजावं, पोर्टलंडकडून मासे न्यायला ट्रक आले. आता बोटी वीसच्या वर नाहीत. बेकरीच्या जागी सायकली भाड्यानं देतात.

त्या दिवशी सकाळी आइली हाउगेनच्या टेबलावर तसलाच पाव होता. समोर तिचा नवरा आर्ने. बासष्ट वर्षांचा, दाराएवढा रुंद माणूस. त्यानं कॉफीचा कप उचलला, अर्ध्यावर आणला आणि तो तिथंच थांबला. चेहरा राखेसारखा झाला. मान छातीवर लुळी पडली, कप सुटला, गरम कॉफी मांडीवर सांडली, तरी माणूस हलला नाही.

आइलीनं का कोण जाणे, मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचाला आर्नेनं डोळे उघडले.

"कप कुणी पाडला?" तो म्हणाला.

"तू! आर्ने, तू आत्ता इथं नव्हतास. ऊठ, डॉक्टरकडे जाऊ."

"कॉफी सांडली म्हणून?"

"तुझी मान पडली होती रे!"

"झोप झाली नाही. आणि हे बघ, कुठं बोलू नकोस. बोललीस की कागदावर येतं."

कागदावर येतं, एवढं म्हटलं की नॉर्डलमध्ये वाद मिटे. तिथल्या बायकांनी ते शहाणपण फार महागात घेतलं होतं. त्यांच्याच गल्लीतला इंग्वाल्ड मो अठ्ठ्याण्णव साली छातीत जळजळतं म्हणून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं तपासून कागदावर एक शब्द लिहिला: 'संशय'. त्या एका शब्दावर पुढं एकही कंपनी त्याचा विमा उतरवायला तयार होईना. तीन वर्षांनी खरंच हृदयाचा झटका आला, तो वाचला, पण इस्पितळाच्या बिलात आधी बोट गेली, मग घर गेलं. तेव्हापासून बंदरात कुणाला गाठ आली, चक्कर आली, लघवीतून रक्त गेलं, तर आधी दार लावून घ्यायचं आणि मग बोलायचं.

हाउगेनांकडे तर विमाच नव्हता. आइली शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती तोवर दोघांचा होता. चार वर्षांपूर्वी शाळेनं माणसं कमी केली, तिची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला.

म्हणून आइली गप्प राहिली, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. आर्नेच्या श्वासाकडे कान लावून ती पडून राही. तो न्हाणीघरात गेला की बाहेर उभी राहून काहीतरी पुसत राही. ऑक्टोबरात तो ट्रक चालवत असताना दुसऱ्यांदा तसं झालं. नशीब, सिग्नल लाल होता. मागच्यानं भोंगा वाजवला तेव्हा आर्ने जागा होऊन उलट त्यालाच शिव्या देऊ लागला. नोव्हेंबरात खेकड्यांचे पिंजरे रंगवताना तिसऱ्यांदा. आणि डिसेंबर उजाडला. डिसेंबर म्हणजे खेकड्यांचा हंगाम. आर्ने बोटीचं चाक हातात घेऊन बंदराच्या तोंडाशी जाणार, जिथं वाळूच्या उंचवट्यावर लाटा भिंतीसारख्या उठून फुटतात. तिथं पाच आकडे मोजायला वेळ नसतो.

त्याच सुमाराला राज्यानं विम्याची नवी बाजारपेठ उघडली होती. संगणकावर एकाच ठिकाणी सगळ्या कंपन्यांच्या योजना पाहायच्या, कमाई कमी असेल तर हप्त्याला सरकारची मदत मिळवायची. आणि म्हणे, जानेवारीपासून आजार आहे म्हणून कुठली कंपनी नाही म्हणू शकणार नव्हती. बंदरात यावर कुणाचा विश्वास नव्हता. "नाही म्हणणार नाहीत," आर्ने म्हणे, "हो म्हणतील आणि मग मासळीसारखं सोलतील."

तरी आइलीनं त्याला चौदा डिसेंबरला, शनिवारी, ओढत वाचनालयात नेलंच. तिथं बर्निता टुफ्ट अर्ज भरायला मदत करायला बसत. बर्निताबाई शाळेच्या कचेरीत तीस वर्षं होत्या. गावातल्या अर्ध्या लोकांच्या उशिरा येण्याच्या चिठ्ठ्या त्यांनी वाचलेल्या. आइलीला त्याचीच धास्ती. प्रश्न येणार: काही आजार? कधी चक्कर? मग बर्निताबाईंच्या डोळ्यांत बघून खोटं कसं बोलायचं? तिनं वाटेत उत्तर घोकून ठेवलं होतं. तब्येत उत्तम, दोघांचीही.

त्यांच्या मागं खुर्चीवर डेल ऑस्टबी येऊन बसला. धक्क्यावर आर्नेच्या शेजारी त्याची बोट लागे. चाळीस वर्षं दोघांची चढाओढ.

"काय आर्ने, म्हातारा झालास म्हणून आलास काय?"

"तुझ्यासाठी जागा धरायला आलोय."

बर्निताबाईंनी नावं घातली, वयं घातली, पत्ता घातला. मग विचारलं, "आर्ने, यंदाची कमाई अंदाजे किती धरू?"

आर्ने खुर्चीत ताठ झाला. मागं डेल कान टवकारून होता. "एक लाख बेचाळीस हजार," आर्ने म्हणाला. खणखणीत.

तो बोटीचा आकडा होता. वर्षभरात बोटीनं धक्क्यावर किती माल उतरवला, त्याचा. त्यातून डिझेल, पिंजऱ्यांतलं आमिष, दोर, धक्क्याचं भाडं, खलाशाचा वाटा गेला की घरात जेमतेम अडतीस हजार येत. पण बंदरात पुरुषाला कमाई विचारली की तो बोटीचाच आकडा सांगतो. घरात काय आलं ते फक्त बायकोला माहीत असतं आणि कर भरायच्या कागदांना. ते चारचौघांत सांगणं म्हणजे विजार उतरवण्यासारखं.

बर्निताबाईंचं बोट कळफलकावर थांबलं. त्यांनी आइलीकडे पाहिलं. आइलीनं जमिनीकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. डेलसमोर नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही.

संगणकानं उत्तर दिलं. मदत काही नाही. दोघांचा हप्ता, महिन्याला साडेचौदाशे डॉलर.

डेलनं शीळ घातली. "साडेचौदाशे! त्यात मी नवं इंजिन घेईन."

"झालं समाधान?" आर्ने आइलीला म्हणाला. "चल."

आणि डेलनंही डोक्यावर टोपी चढवली, त्यांच्या मागोमाग बाहेर पडला. त्याचा नंबर येऊनही तो टेबलाशी गेला नाही. आइलीनं ते पाहिलं.

गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "अडतीस का नाही सांगितलंस?"

"डेलसमोर?"

"मरशील तेव्हा डेल खांदा द्यायला येईल म्हणून?"

बंदरापर्यंत आर्ने खिडकीतून बाहेर बघत राहिला. एवढा मोठा माणूस घाबरल्यावर किती लहान दिसतो, ते आइलीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी ती एकटी गेली. कराचे कागद तिनं बिस्किटांच्या डब्यात घालून नेले, वाटेत कुणी पाहिलं तर वाचनालयात खाऊ नेतेय असं वाटावं. डबा बर्निताबाईंपुढं ठेवला.

"अर्ज माझ्या नावानं भरा. आणि आकडा यातला घ्या."

बर्निताबाईंनी चष्मा लावला. "शनिवारीच कळलं होतं मला. मीही कोळ्याचीच मुलगी. पण माणूस तोंडानं सांगतोय, त्याला मी खोटारडा कसा म्हणू?" आणि पहिलं पान काढलं.

आइली त्या पानाकडे सापाकडे बघावं तशी बघत होती. नाव. जन्मतारीख. घरात किती माणसं. आता विचारतील. पान उलटलं. कराचा आकडा. दुसरी नोकरी आहे का. आता. पुढचं पान. तंबाखू खाता का?

"आर्ने ओठात ठेवतो," आइली म्हणाली.

"मग हप्ता थोडा वाढेल."

"वाढू दे. पुढं?"

"पुढं काय? सही कर."

"आजाराचं कधी विचारणार?"

"नाही विचारत. आता विचारायचंच नाही असं ठरलंय."

विचारलं असतं तर आइली खोटं बोलून मोकळी झाली असती. न विचारणाऱ्याची भीती जास्त. मागाहून विचारतील. बिल गेलं की विचारतील. तिनं आवाज शक्य तितका सहज केला. "बर्निताबाई, समजा एखाद्याला... माझ्या ओळखीच्या एकाला मधूनच भोवळ येते. तो जानेवारीपर्यंत थांबला तर?"

बर्निताबाईंनी मान वर केली नाही. "त्या एखाद्याला सांग, उद्याच्या उद्या दाखव. कागदावर आलं तरी विमा कुणी नाकारणार नाही."

"आणि उद्याचं बिल?"

"ते मात्र त्याचं त्याला."

हृदयाच्या चाचण्या, इस्पितळात एक रात्र. इंग्वाल्डची बोट आइलीच्या डोळ्यांपुढं आली.

योजनांना धातूंची नावं होती. कांस्य सगळ्यांत स्वस्त. आइलीचं बोट तिकडं गेलं. बर्निताबाई म्हणाल्या, "अमुक घे असं मी सांगू शकत नाही, तेवढा नियम आहे. पण वाचून दाखवते. कांस्यात आजारी पडलं की पहिले काही हजार डॉलर आपल्या खिशातून. आणि तुमच्या कमाईला खिशातला भार कमी होण्याची जी सवलत आहे, ती फक्त चांदीत." आइलीनं चांदी घेतली. तंबाखू धरून महिन्याला दोनशे ऐंशी. पहिला हप्ता तिनं तिथंच भरला. विमा एक जानेवारीपासून.

घरी येताना ती डेलच्या फाटकाशी थांबली. आत त्याची बायको गुड्रुन खिडकीत पडदे लावत होती. जाऊन सांगावं, शनिवारचा आकडा खोटा होता, डेलला परत पाठव. पण मग हाउगेनांच्या घरात अडतीस हजारच येतात हे संध्याकाळच्या आत सगळ्या धक्क्याला कळलं असतं. गुड्रुननं हात हलवला. आइलीनंही हलवला आणि पुढं गेली.

त्या वर्षी खेकडे मांसानं भरायला वेळ लागला, म्हणून हंगामाची तारीख पुढं जात राहिली. आइली रोज देवाजवळ मागे, अजून एक आठवडा जाऊ दे. पण नाताळ झाला आणि तारीख आली. अठ्ठावीस डिसेंबर. विमा सुरू व्हायला चार दिवस. पहिल्या चार दिवसांतच वर्षाचा निम्मा माल निघतो. आर्नेला थांब म्हणणं म्हणजे समुद्राला थांब म्हणणं.

आइली धक्क्यावर गेली. आर्नेचा खलाशी क्लिफ रँडल डेकवर बसून पिंजऱ्यांसाठी आमिषाचे डबे भरत होता. पंचावन्नचा, किडकिडीत, वीस वर्षं त्याच बोटीवर. आयुष्यात जे तोंडातून काढायचं नाही असं ठरवलेलं, ते तिनं त्याला सांगितलं.

क्लिफनं हातातलं आमिषाचं स्क्विड खाली ठेवलं नाही. "मला ऑगस्टपासून माहीत आहे," तो म्हणाला.

"ऑगस्ट?"

"ट्यूनाला गेलो होतो तेव्हा. उभ्या उभ्या खाली बसला. मला म्हणाला, आइलीला बोलू नकोस."

"आणि तू बोलला नाहीस!"

"तू तरी आज बोलतेयस. बोट थांबली तर मी कुठं जाऊ, सांग. या वयात मला कोण घेतंय?"

राग कुणावर काढायचा तेच दोघांना कळेना.

"मी येतेय बोटीवर," आइली म्हणाली.

आर्ने ऐकल्यावर हसला. "तुला उलट्या होतील."

"ओकेन, पण येईन. चाकाजवळ बसेन."

"आणि काय करशील?"

"मोजेन."

तेव्हा त्याचं हसू गेलं.

ते तीन दिवस आइली कधी कुणाला नीट सांगू शकली नाही. बोट वर चढे, खाली पडे. चाकाच्या खोलीत एका पेटीवर बसून ती बादलीत ओके आणि डोकं वर करून आर्नेची मान बघे. बाहेर क्लिफ पिंजरे ओढे, खेकडे टाकीत फेके, आणि दर थोड्या वेळानं दारातून डोकावून बघे. आर्ने दोघांकडे पाठ करून चाक धरून उभा राही. दोन माणसं आपल्या मरणाची वाट बघत बसल्यासारखी बघतात, तेव्हा माणूस दुसरं करणार काय?

एकतीस तारखेला दुपारी टाक्या भरून ते परत फिरले. बंदराच्या तोंडाशी लाटा उठत होत्या. तिथं आर्ने चाक कुणाच्याही हातात देत नसे. त्यानं मागं वळून लाटा मोजल्या, दोन मोठ्या जाऊ दिल्या, इंजिनाला जोर दिला आणि बोट आत घातली. निम्म्यावर आली असेल नसेल, आइलीला त्याच्या मानेचा रंग बदलताना दिसला.

"क्लिफ!"

आर्ने चाकावरच कोसळला. चाक त्याच्या वजनानं फिरलं आणि बोट लाटेला आडवी होऊ लागली. आइलीनं मागून त्याच्या काखेत हात घालून ओढलं. एवढं धूड तिला कसं ओढता आलं, ते तिला कधीच कळलं नाही. दोघं मिळून पेटीवर आदळली. क्लिफ त्यांच्यावरून उडी मारून चाकाला भिडला. खिडकीत आकाश नव्हतंच, सगळं हिरवं पाणी. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. यापूर्वी कधी सहा झाले नव्हते. सात. बोट कण्हली, तिरपी झाली, आणि मागून आलेल्या लाटेनं तिला उचलून आतल्या शांत पाण्यात ढकललं.

आर्ने आइलीच्या मांडीवर डोळे उघडून म्हणाला, "माझ्या चाकाला हात कुणी लावला?"

"तुझ्या बापानं," क्लिफ म्हणाला. "आर्ने, मी परत येत नाही. डॉक्टरला दाखवशील त्या दिवशी बोलाव."

आइलीनं त्या रात्री आर्नेला इस्पितळात का नेलं नाही, असं पुढं त्यांच्या लेकीनं विचारलं. खरं उत्तर एवढंच की विमा सुरू व्हायला काही तास उरले होते, आणि ती माणसं तशीच शिकली होती.

दोन जानेवारीला दवाखाना उघडला तेव्हा ती दोघं दारातच होती. खिडकीतल्या मुलीनं आर्नेचं नाव घातलं, परत घातलं. "या नावानं काही दिसत नाही."

आइलीला वाटलं, कळलंच. त्यांना कळलं आणि त्यांनी काढून टाकलं.

"आडनावानं बघू का... थांबा. अर्ज तुमच्या नावानं आहे का? हो, आहे. दोघंही आहात."

आत डॉक्टरनं आर्नेच्या छातीवर तारा चिकटवल्या. संगणकाकडे वळून विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"आजच," आर्ने म्हणाला. "म्हणजे परवा. एकदाच."

डॉक्टरची बोटं चालू लागली. आइलीनं ती टकटक ऐकली. एकदाच, असं लिहिलं जात होतं. एकदाच झालेल्या भोवळीला नीट झोप घ्या म्हणतात आणि घरी पाठवतात. आणि खरं सांगितलं तर ते कायमचं तिथं राहणार, विमा घ्यायच्या आधीच्या तारखांसकट. इंग्वाल्ड मो आठवला, बोटीच्या खिडकीतलं हिरवं पाणी आठवलं.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली.

"आइली!"

"ऑगस्टमध्ये एकदा, ते क्लिफनं पाहिलं. सप्टेंबरची चोवीस, सकाळी, पाच मोजेपर्यंत. ऑक्टोबरची अकरा, गाडी चालवताना. नोव्हेंबरची दोन. परवा सात मोजले. चाकावर होता."

डॉक्टरचे हात थांबले. "सात? आणि तुम्ही आज येताय?"

आर्ने बायकोकडे असा बघत होता, जणू तिनं त्याच्या बोटीचा दोरच कापून टाकलाय. पण त्याच घटकेला तारांच्या यंत्रावरची रेघ सपाट झाली, त्याची मान कलली, आणि या वेळी मोजायला दुसरं माणूस होतं.

तिथून त्याला रुग्णवाहिकेतून शहरात नेलं. त्याच्या हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. दुसऱ्या दिवशी छातीत कातडीखाली यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आणखी काढला असतात तर बोलायला कुणी उरलं नसतं.

आइलीची भीती मात्र तेवढ्यानं गेली नाही. फेब्रुवारीत विमा कंपनीचा जाड लिफाफा आला. तो दोन दिवस फ्रिजवर पडून होता, तिचा हात होईना. शेवटी आर्नेनं फोडला. आत इस्पितळाच्या खर्चाचा तक्ता होता आणि तळाशी त्यांच्या वाट्याला आलेली रक्कम. एका चांगल्या आठवड्याच्या खेकड्यांइतकी.

आर्नेनं त्यानंतर सहा हंगाम काढले. चाक क्लिफच्या हातात, आर्ने शेजारी बसून चुका काढायला. दोन हजार एकवीसच्या वसंतात तो फुप्फुसाच्या आजारानं गेला, घरीच, आपल्या पलंगावर. बोट क्लिफला दिली होती. क्लिफनं ती दोन वर्षं चालवली, मग गुडघे गेले, आणि आता तो ॲस्टोरियात बहिणीजवळ राहतो, पत्ते खेळतो आणि हरतो.

बर्निताबाई ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत वाचनालयातल्या त्या टेबलाशी बसत होत्या. त्या गेल्या तेव्हा चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

डेल ऑस्टबी परत वाचनालयात गेलाच नाही. मार्चअखेर अर्जांची मुदत संपली. जूनमध्ये त्याला पक्षाघात झाला. बोट विकली, मग घर विकलं, आणि गुड्रुन त्याला घेऊन स्पोकेनला लेकाकडे निघाली. सामान बांधायला आइली गेली होती. गुड्रुननं सहज विचारलं, "तुम्हाला कसं गं परवडलं?" तेव्हा आइलीनं सगळं सांगितलं, शनिवारचा आकडा, सोमवारचा आकडा, फाटकाशी थांबून पुढं गेली तेही. गुड्रुन वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. तिनं हातातली बशी पुरती गुंडाळली, खोक्यात ठेवली, आणि म्हणाली, "आता तू जा." डेल दोन वर्षांनी गेला. आइली दर नाताळाला गुड्रुनला कार्ड पाठवते. उत्तर एकदाही आलेलं नाही.

आइली त्र्याहत्तरची आहे. त्याच घरात राहते. गेल्या वर्षापासून तिच्या डाव्या डोळ्यापुढं कधी कधी काळी जाळी येते. लेकीला ती अजून बोललेली नाही.